भादव्यातली फुलं, कार्तिकातलं गवत

सुशीला माझी बहीण. सख्खी, पाठची, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कसालच्या त्या हॉलमध्ये परीक्षकांनी मला विचारलं होतं, "तुम्ही या बाईंचे कोण?" तेव्हा मी एवढ्या मोठ्याने "सख्खा भाऊ!" म्हणून सांगितलं की बाहेर हायवेला पंक्चर काढत बसलेला माणूस आत डोकावला. हळू सांगायला मी काय चुलत आहे?

माझं नाव गुरुदास धुरी. नववीपर्यंत शाळेत गेलो, मग मी तिथेच राहिलो आणि माझा वर्ग पुढे गेला. पण गवताचं जे काय विचारायचं ते मला विचारा. तळेऱ्याहून देवगडला जायच्या रस्त्यावर आमचा सडा आहे. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, सगळा कातळ. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात गुडघ्याच्या वर गवत. भादव्यात ओलं कापायचं म्हशींना, कार्तिकात पिकलेलं कापायचं आणि भारे बांधायचे. माझे भारे देवगडच्या बागायतदारांकडे आंब्याच्या आढीला जातात. तुम्ही हापूस खाल्ला असाल तर तो माझ्या गवतावर झोपून पिकलेला असायची शक्यता आहे.

आणि सड्यावर पहिला विळा लावायचा मान आमचा, धुऱ्यांचा. गणपती गेले की येणाऱ्या सोमवारी नारळ ठेवायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि पहिली मूठ मी कापायची. माझा विळा लागल्याशिवाय वाडीत कोणी गवताला हात लावत नाही. कुठली पट्टी कधी कापायची तेही मीच सांगायचं. आजोबांच्या आधीपासून हे असं आहे. वरच्या घरातल्या चंदन परबाला ते शाळेत असल्यापासून खुपतं. त्याचं म्हणणं, एके काळी हा मान परबांचा होता. असेल. आता नव्हता.

सुशीचं सांगतो.

सुशी दहावी पास झाली त्या वर्षी भाई मेस्त्रींनी तिला गणपतीच्या शाळेत घेतली. आमच्याकडे मूर्ती जिथे बनतात त्या जागेला शाळाच म्हणतात. पहिल्या वर्षी ती माती मळायची. तिसऱ्या वर्षी भाईंचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी डोळे आखायचा ब्रश तिच्या हातात दिला. तेव्हापासून त्या शाळेतल्या प्रत्येक गणपतीचे डोळे सुशीचे. तीनशे मूर्ती, सहाशे डोळे, दर वर्षी. एकदा मालवणचे एक गृहस्थ मूर्ती न्यायला आले आणि पाटावरच्या मूर्तीसमोर उभे राहून म्हणाले, "हो गणपती माझ्याकडेच बघता." मी म्हटलं, "बघतलोच. डोळे माझ्या भयणीन आखलेले आसत."

लग्नाचं दोनदा जमत आलं होतं. तेवढ्यात आईची एक बाजू गेली आणि सुशी घरी थांबली. सोळा वर्षं. आईला भरवायचं, उठवून बसवायचं, कूस बदलायची. गणपतीचे तीन महिने सोडले तर बाकीच्या वेळात ती घरच्या घरी गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायची, होड्यांची नावं घालायची, अंगणवाडीच्या भिंतीवर हत्ती काढायची. बोलायची कमी. आमच्या घरात बोलायचं काम मी करतो, दोघांच्या वाटचं.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. त्यानंतर एक दिवस क्रिस्टोफर सर घरी आले. सर हायस्कूलला चित्रकला शिकवायचे, आता रिटायर आहेत. त्यांनी सुशीसमोर तेलरंगाच्या ट्यूबांचा डबा ठेवला आणि म्हणाले, "सुशीला, आता होड्यांची नावं पुरे झाली. एक मोठं चित्र काढ."

"काय काढू, सर?"

"जे तुला पाठ आहे ते."

सुशीला काय पाठ? सडा. लहानपणी म्हशी घेऊन ती तिथेच असायची.

यंदा गणपती झाले आणि दुसऱ्याच दिवशी ती स्टूल, चार फुटांचा कॅनव्हास आणि छत्री घेऊन सड्यावर चढली. जिथे आमचा गडगा, रचलेल्या दगडांचं कुंपण, संपतो तिथे बसली. समोर पहिली पट्टी, हिरवीगार, आणि तिच्यात सीतेची आसवं फुललेली. बारीक जांभळी फुलं, नखाएवढी, ओल्या कातळावर गवताच्या बुडाशी येतात. मी म्हशींना ओलं गवत दर वर्षी तिथूनच काढतो, कारण ती पट्टी वाटेला लागून आहे, भारा लांब आणावा लागत नाही.

"दादा, ही पट्टी पंधरा दिवस ठेव रे," सुशी म्हणाली.

"पंधरा दिवस? म्हशींका काय चित्र घालू?"

"आठ तरी."

"चार. पाचव्या दिवशी सोमवार, विळो लागतलो. गवत कोणासाठी थांबणा नाय."

"बरा," म्हणाली. तिचं सगळं बोलणं एवढंच.

चारही दिवस उघाड मिळाली. सकाळी उजाडल्यापासून ऊन कलेपर्यंत ती बसलेली असायची. मी मध्येच भाकरी घेऊन जायचो आणि मागे उभा राहायचो. डोळे आखायचाच ब्रश, त्याला मोजून पाच-सहा केस. एक पान काढायचं, मान वर करायची, पुढचं पान. पानाच्या कडेला करवत असते ना, बोट कापते ती, तीसुद्धा तिने काढली. आसवांच्या पाकळीवरची शीर काढली. चार दिवसांत कॅनव्हासची खालची वीतभर पट्टी भरली. पाचव्या दिवशी मी विळा घेऊन गेलो आणि ती पट्टी कापली. सुशीने स्टूल उचललं आणि जरा वरच्या बाजूला ठेवलं.

मग ती रोज जात राहिली. खालून वर, वीत वीत करत. कार्तिक अर्धा सरला तेव्हा चित्र पुरं झालं. वरच्या टोकाला आभाळाखाली पिकलेलं गवत, सोनेरी, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. आम्ही चित्र घरी आणून पडवीत उभं केलं. माझी बायको आतून आली आणि म्हणाली, "अगो बाय, वारो इलो." खरंच तसं वाटत होतं. चित्र कसलं, खिडकी होती ती.

मी लांबून बघितलं. जवळून बघितलं. आणि मग मला ते दिसलं.

"सुशी, ह्या काय?"

"काय?"

"खाली सीतेची आसवां. वर गवत पिकलेला. ह्या गवत पिकता तेव्हा कातळ सुको ठणठणीत. आसवां तेव्हा खंय आसतत?"

"माका ठावक आसा."

"मगे?"

"तू पट्टी कापलस, दादा. चार दिवसांत जा दिसला ता काढलंय. वरचा मगे काढलंय, जसा पिकत गेला तसा."

"मगे ती फुलां पूस. थंय पिकलेला गवत काढ."

"नाय."

"कित्या?"

"माका आवडतत ती."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण धुऱ्यांच्या घरातलं चित्र, गवताचं चित्र, आणि त्यात गवताचीच चूक! शहरातल्या माणसाला कळणार नाही, आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोराला कळेल. मी सुशीला बसवलं आणि सांगितलं, "ह्या कोणाक सांगूचा नाय. सरांकपण नाय. माझी शपथ आसा तुका."

"सांगूचंय नाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाडी चित्र बघायला आली. मी काय केलं, चित्र पडवीतल्या बाकामागच्या कट्ट्यावर उभं केलं. बाकाची पाठ कट्ट्याच्या बरोबर वीतभर वर येते. लोक बघत होते, तोंडात बोटं घालत होते. चंदन परब आला, त्याने चष्मा पुसून लावला, अर्धा तास बघितलं. काही सापडेना तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर बोललो, "चंदन्या, ह्यात एक काडी चुकीची दाखव. दाखवलस तर फुडल्या वर्षापासून सड्यार पहिलो विळो परबांचो!"

"बघ हां. सगळ्यांसमोर बोललस."

"धुरी एकदाच बोलता."

सुशी दारात उभी होती. ती आत निघून गेली.

क्रिस्टोफर सरांनी परस्पर फॉर्म भरला होता. जिल्ह्यातल्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन, कसालला, शनिवार आणि रविवार. तेलरंगांचा वेगळा विभाग. शनिवारी सकाळी मी चित्र माझ्या टेम्पोतून नेलं. खाली सुकं गवत, वर गवत, मध्ये चादरीत गुंडाळलेलं चित्र, जशी आम्ही आंब्याची पेटी भरतो तशी. कसालला पोचून चादर काढली तर चार काड्या आत शिरून चित्राला चिकटलेल्या. रंग वरून सुकला होता म्हणून बरं. सर एकेक काडी नखाने काढायला लागले. तीन निघाल्या. चौथी निघेना. सर खरवडत राहिले. सुशी म्हणाली, "सर, ती माझी आसा."

हे मी त्या दोन दिवसांत किती जणांना सांगितलं त्याची मोजदाद नाही.

रविवारी वाडीतली वीस-बावीस माणसं माझ्याच टेम्पोत बसून प्रदर्शन बघायला आली. भाई मेस्त्री आले, काठी टेकत. चंदनही आला. इथे माझी पंचाईत सुरू झाली. हॉलमध्ये बाक नव्हता. चित्र भिंतीवर, खालपासून वरपर्यंत उघडं. मग मीच बाक झालो. फुलांच्या समोर पाठ करून उभा राहिलो आणि हललो नाही. चंदन डावीकडून आला की मी डावीकडे, उजवीकडून आला की उजवीकडे.

"तू काय देवळातलो खांब?" चंदन म्हणाला. "सरक मरे, बघू दी."

"लांबून बघूचा आसता चित्र. तुका काय कळता."

अकराच्या सुमारास परीक्षक आले. शहरातले पाहुणे, पांढरी दाढी, गळ्यात दोरीला भिंग. त्यांच्यामागे प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाची चार माणसं. एकेक चित्र बघत, वहीत लिहीत ते आमच्यापाशी पोचले आणि मला म्हणाले, "जरा बाजूला व्हा."

मी अर्धा बाजूला झालो. तेव्हाच त्यांनी विचारलं, "तुम्ही या बाईंचे कोण?" आणि मी काय सांगितलं ते तुम्हाला सांगून झालंय.

त्यांनी भिंग लावलं. वर बघितलं, मधे बघितलं. बराच वेळ. मग भिंग सोडून दिलं आणि मंडळाच्या माणसांकडे वळले. "हा फोटो आहे."

मला वाटलं कौतुक करतायत. मी हसलो पण.

"फोटो कॅनव्हासवर छापून घेतात आणि वरून तेलरंगाचा हात फिरवतात. हल्ली सर्रास चाललंय. मी मागच्या महिन्यात दोन पकडले. हे तैलचित्र नव्हे. बाद करा."

क्रिस्टोफर सर पुढे झाले. "सर, मी स्वतः तिला सड्यावर बसून रंगवताना पाहिलंय."

"तुम्ही त्यांचे शिक्षक ना? तुम्ही त्यांच्या बाजूने बोलणारच."

"रंगाचा वास तरी घ्या."

"वास येणार हो. वरून रंग आहेच. प्रश्न खाली काय आहे त्याचा आहे. इतकं अचूक हाताने येत नाही."

मंडळाच्या माणसाने एक चिठ्ठी लिहून चित्राच्या चौकटीला लावली. 'छायाचित्र. बाद.' आणि हळूच सरांना म्हणाला की बाद झालेल्यांची नावं संध्याकाळी बक्षीस समारंभात वाचणार आहेत, पुढे कोणी असं करू नये म्हणून.

सुशी भिंतीला टेकून उभी होती. नखांत अजून पिवळा रंग. पलीकडे भाई मेस्त्री काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. संध्याकाळी माईकवर सुशीला धुरी, फसवणूक, असं वाचलं गेलं असतं, तर पुढच्या भादव्यात कोण तिच्या हातून गणपतीचे डोळे आखून घेणार? भाईंनी दिला असता ब्रश हातात. मूर्ती नेणाऱ्यांनी विचारलं असतं, "कोणी आखले?" देवाचे डोळे लबाडाच्या हातून कोण घेईल? तिच्याकडे दुसरं होतं काय? आई गेली, लग्न गेलं, हात तेवढा होता.

माझं डोकं फिरलं. मी ओरडायला लागलो. "फोटो? माझ्या बहिणीला फोटो काढायची गरज काय? तिच्यासारखा हात जिल्ह्यात नाही! या चित्रातली काडी न् काडी खरी आहे! फोटोतसुद्धा इतकं बरोबर येत नाही!"

"बघा," परीक्षक शांतपणे म्हणाले, "हे स्वतःच सांगतायत."

लोक हसले. चंदनही हसला. मी आणखी ओरडायला तोंड उघडलं आणि माझी नजर सुशीवर गेली.

ती परीक्षकांकडे बघत नव्हती. लोकांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. आईला कूस बदलून द्यायच्या वेळी ती मला हाक मारायची नाही, नुसती बघायची आणि मी समजायचो की एका बाजूने धरायचंय. तसंच बघत होती. आणि मला कळलं की हिच्याजवळ उत्तर आहे. ते उत्तर माझ्या पाठीमागे आहे. मी त्याच्यापुढे उभा आहे आणि वर तिला माझीच शपथ घातलेली आहे. ती मोडणार नाही. बाद होईल, पण मोडणार नाही.

चंदन दोन हातांवर होता.

काय सांगू, तेवढ्या वेळात मी आजोबांची, वडिलांची, सगळ्यांची मनात माफी मागितली. मग मी पूर्ण बाजूला झालो.

"साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये खाली आला, "ह्या चित्रात चूक आहे."

"म्हणजे?"

"खाली ही जांभळी फुलं दिसतात ना, ही सीतेची आसवं. भादव्यातली. कातळावर पाणी झिरपतं तोवरच असतात. आणि हे वरचं गवत, हे कार्तिकातलं. दोघांमध्ये दोन महिने आहेत. ह्या सड्यावर ही दोन्ही एका दिवशी कोणाला दिसलेली नाहीत. मला नाहीत, माझ्या बापाला नाहीत. मग फोटो कुठल्या दिवशी काढला सांगा मला?"

मग मला बाजूला ढकलून चंदन पुढे घुसला आणि चित्रासमोर उकिडवा बसला.

"रव, रव, बघू दी. अरे... होय रे! चूक आसा! गुरुदासा, चूक आसा रे! हडे आसवां, थंय पिकलेला गवत! चूक! ढळढळीत चूक!" तो उठून नाचायचाच बाकी होता.

परीक्षक त्याच्याकडे बघत राहिले. "आपण कोण?"

"मी चंदन परब. ह्यांचा शत्रू समजा, साहेब. गवतावरून तीस वर्षं भांडतोय. पण आज हा खरं बोलला. पहिल्यांदाच."

आता लोक हसले ते वेगळं हसले.

परीक्षकांनी दाढी खाजवली. "दोन फोटो कॉम्प्युटरवर जोडता येतात."

"येत असतील," मी म्हटलं. "पण ज्याला गवत कळत नाही त्याला ही फुलं शोधून आणायचं सुचणार नाही. आणि ज्याला कळतं तो मेहनत करून चूक कशाला जोडेल?"

ते सुशीकडे वळले. "बाई, तुम्ही का जोडलीत मग?"

सुशीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोल म्हटलं, सुटली शपथ.

"जोडली नाय," ती म्हणाली. मग जरा शुद्ध बोलायला लागली, ऑफिसात बोलतो तसं. "दादाने खालची पट्टी कापायला घेतली होती. चार दिवस दिले. त्या चार दिवसांत होतं ते काढलं. मग वर सरकले. रोज समोर होतं तेच काढलं. खालून वर."

परीक्षकांनी पुन्हा भिंग उचललं. या वेळी ते खाली वाकले, गुडघ्यावर बसले, एवढ्या वयाचा माणूस, आणि फुलांपासून सुरुवात केली. हळूहळू वर आले. मधेच एका जागी बोट थांबवलं, न टेकवता. "इथे पाऊस थांबला?"

"होय. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी."

बोट वर गेलं. "आणि इथे?"

"तिथे तुरे आले. दसऱ्याक."

"इथे पानं अचानक एका बाजूला झुकलीयत."

"दिवाळीत वाऱ्याने पाडलेलं. उठलंच नाय मग."

असं ते वरच्या टोकापर्यंत गेले. दहा मिनिटं तरी लागली. मग ते उठले, चौकटीवरची चिठ्ठी काढली, तिचे दोन तुकडे करून खिशात टाकले.

"बाई, माझी चूक झाली," ते म्हणाले. "पण तुम्ही आधी का नाही बोललात?"

"दादाची शपथ होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. मी छताकडे बघितलं.

भाई मेस्त्री तिथल्याच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कोणीतरी चाय सांगा रे."

संध्याकाळी सुशीला तिसरं बक्षीस मिळालं. तिसरं. त्यावर मी काही बोलणार नाही, बोललो तर थांबणार नाही. पण बाद झालेल्यांची नावं वाचली तेव्हा त्यात आमचं नाव नव्हतं आणि मी इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं.

निघताना सुशी म्हणाली, "दादा, भूक लागली." सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. हायवेवरच्या गाडीवर तिने कांदाभजीच्या दोन प्लेटी खाल्ल्या, तिसरीतली माझी अर्धी खाल्ली, आणि मिरची खाऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कशाला हसत होती कोण जाणे. टेम्पोत मागे गवतावर बसलेला चंदन प्रत्येक खड्ड्याला ओरडत होता, "पहिलो विळो परबांचो!" आणि मागची माणसं टाळ्या देत होती. मी गाडी चालवत होतो. एरवी मी त्याला उतरवून ठेवला असता. त्या दिवशी खड्डे आले तरी मला बरंच वाटत होतं. शेजारी सुशी मांडीवर प्रशस्तिपत्र घेऊन, त्याला भज्याचं तेल लागू नये म्हणून हात वर धरून बसली होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "चूक कोणाची ता सगळ्यांका कळला आज."

"कोणाची?"

"माझी. चार दिवस दिलंय म्हणान."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आठ दिले असतेस तर फुलां बरी इली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सड्यावर गेलो. शेवटचा एक तुकडा कापायचा राहिला होता. बघतो तर सुशी माझ्याआधी येऊन गडग्यावर बसलेली, आणि समोर चंदन, हातात विळा.

"फुडल्या वर्षीचा बोललंय मी," मी लांबूनच म्हटलं. "यंदाचा नाय."

"माका माहीत आसा," चंदन म्हणाला. "विचारूक इलंय. पहिलो विळो माझो म्हणजे कुठली पट्टी कधी कापूची तापण मीच सांगतलंय. बरोबर मां?"

"बरोबर," मी म्हटलं.

तो सुशीकडे वळला. "सुशी, तुका ह्या पहिल्या पट्टीक किती दिवस होये?"

सुशीने माझ्याकडे बघितलं. मी पायाखालच्या कातळाकडे बघितलं.

"पंधरा," ती म्हणाली.

"वीस घे. तोपर्यंत कोणाचो विळो हंय लागूचो नाय. गुरुदासाचोपण नाय. त्याच्या म्हशींका मी वरच्या पट्टीतला गवत दितंय."

सुशीने मान खाली घातली आणि बोटांवर मोजायला लागली, भादव्यात कधीपासून कधीपर्यंत ते.

मी कंबर बांधली आणि राहिलेल्या तुकड्याच्या एका टोकाला लागलो. चंदन आपणहून दुसऱ्या टोकाला लागला. चार मुठी कापून झाल्यावर मी मान वर करून त्याचं काम बघितलं आणि मला राहवेना. मान त्याचा झाला म्हणून काय झालं?

"बुडातसून काप, मेल्या!" मी ओरडलो. "न्हाव्यासारखो वरवर काय कापतस!"